अर्धं पाऊल पुढे

मास्तरांनी टेबलावर थाप मारली तसं कानसेनांनी संकलनाचं यंत्र थांबवलं. एका थाळीवर चित्राची फिल्म, दुसरीवर आवाजाची पट्टी. दोन्ही गचका खाऊन उभ्या राहिल्या. पुस्तकाएवढ्या काचेवर बाईंचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

“इथे. इथे मी गप्प आहे. जरा मागे घे.”

कानसेनांनी फिल्म हातभर मागे घेतली, तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि खटका दाबला. शिलाई मशीनपाशी बसलेल्या बाईंनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, “अंधारलं वाटतं, दिसेनासं...” आणि त्यांच्याच शब्दांवर, त्यांच्याहून मोठा, मास्तरांचा आवाज पडला, “दिसेनासं झालं, हां, डोळे चोळ, चोळ डोळे...”

“आहात,” कानसेन म्हणाले.

मास्तरांनी वहीतली ती ओळ खोडली. 

आज आठवा दिवस होता. वहीच्या एका पानावर मास्तरांनी, त्यांचा स्वतःचा आवाज नाही अशा जागा लिहिल्या होत्या. एक ‘हं’. एक खोकला. ‘बस ना’ एवढे दोन शब्द, तेही मागे कुणाची तरी बादली पडल्यामुळे मास्तर दचकून थांबले म्हणून. आणि एक हसू, निम्मं. सगळं मिळून अकरा सेकंद.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांच्या सव्वीस नाटकांत आणि नऊ चित्रपटांत त्यांनी काम केलं होतं. या दहाव्याचं शूटिंग संपलं आणि एकोणिसाव्या दिवशी सकाळी कप विसळता विसळता त्या मोरीपाशी बसल्या, त्या बसल्याच. डबिंग व्हायचं होतं. शूटिंगच्या वेळी धरलेला आवाज हा नुसता खुणेपुरता असतो. नंतर नट स्टुडिओत येतात, पडद्याकडे बघत तेच संवाद पुन्हा बोलतात, आणि तो खुणेचा आवाज, ज्याला धंद्यात पायलट म्हणतात, तो पुसून त्या टेपवर दुसऱ्याचं काम करतात. तो कुणी जपत नाही. मास्तरांनी तर कधी ऐकलाही नव्हता. स्वतःचा आवाज त्यांना सहन होत नसे. संकलनाला ते मुकं चित्र लावून बसत.

आणि पायलट पुसायचाच असतो म्हटल्यावर शॉट चालू असताना गप्प बसायचं कारण काय? मास्तर बसत नसत. कॅमेऱ्याच्या शेजारी, माइकला चिकटून उभे राहत आणि ‘अ‍ॅक्शन’पासून ‘कट’पर्यंत बोलत राहत. मान वळव, आता थांब, आता म्हण. संवादसुद्धा नटाबरोबर म्हणत. नवे नट पहिल्या दिवशी गांगरत आणि तिसऱ्या दिवशी चटावत. मास्तरांच्या सेटवर डोकं घरी ठेवून यायचं, असं ते एकमेकांना सांगत. ते मास्तरांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं.

त्यांची सुरुवातच प्रॉम्प्टर म्हणून झाली होती. सतराव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीत पडद्याआड स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात बॅटरी. एका प्रयोगाला नायिका अख्खा प्रवेश विसरली आणि या पोराने तिला शब्द शब्द भरवत पैलतीराला नेलं. मालक पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, “आजचं नाटक तूच केलंस.” पुढे दिग्दर्शक झाल्यावर, पारितोषिकं मिळाल्यावर, कुणी विचारलं की मास्तर सांगत, “प्रॉम्प्टर नटाच्या अर्धं पाऊल पुढे असतो. मी अजून तोच आहे. नुसतं स्टूल बदललं.”

“चहा सांगू का?” खिडकीपाशी बसलेल्या मुलीने विचारलं.

ती पोस्टात नोकरीला होती. आठ दिवसांची रजा काढून रोज सकाळी या खोलीत येऊन बसत होती. तिचं मागणं एकच होतं आणि ते तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. एक तरी प्रवेश आईच्या आवाजात राहू दे. सगळा चित्रपट नको. एक. घरात आईचे फोटो ढीगभर होते. आवाज मात्र नव्हता; आधीच्या चित्रपटांच्या प्रती वितरकांकडे धूळ खात पडलेल्या. नाटकं तर पडदा पडला की गेली.

“नको,” मास्तर म्हणाले. “किती रिळं राहिली?”

“एक,” कानसेन म्हणाले. “दाराचं.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. दोन वाजता मैना येणार होती. तिचं खरं नाव धंद्यात कुणी घेत नसे. तीस नायिका, दोन भुतं आणि एक बोलकं मांजर यांना तिने आवाज दिला होता. वितरकाने तारीख ठरवून टाकली होती. आज मैना बसली नाही तर ती दोन महिने मिळत नव्हती.

“बाबा, मी काय म्हणते,” मुलगी म्हणाली, “तुमचा आवाज असला तर असू दे की. आईचा तर ऐकू येतोय ना मागून.”

“वेडी आहेस का? बाई दार उघडतेय आणि मागून बाप्या ओरडतोय, ‘खांदा खाली घे.’ लोक खुर्च्या मोडतील हसून.”

“घरीही तेच होतं,” मुलगी कानसेनांना म्हणाली. “तिकडे दूध उतू जाऊन शेगडी विझायची, तरी यांचं आपलं चालूच, ‘आता बंद कर, आता बंद कर.’”

कानसेन खुदकन हसले. मास्तरांनाही हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच. मग कानसेन उगाच रीळ पुसू लागले.

कानसेन हे नाव बाईंनी ठेवलेलं. तानसेन गल्लोगल्ली मिळतात, कानसेन एकच, असं त्या म्हणायच्या. पहिल्या चित्रपटापासून मास्तरांचा आवाज तेच धरत आले होते. बोटावर मोजण्याइतकं बोलत, काम करताना काहीतरी गुणगुणत आणि कुणाच्या भांडणात पडत नसत.

त्यांनी शेवटचं रीळ चढवलं.

दाराचा प्रवेश सगळ्यांना पाठ होता. अकरा वर्षं तुरुंगात काढून मुलगा घरी येतो. बाई मशीनवरून उठते, दार उघडते. त्याच्या चेहऱ्याकडे बघते. मग नजर खाली उतरत उतरत त्याच्या पायांवर जाते, पायांत दुसऱ्याच्या मापाच्या चपला असतात. ती कडीवरचा हात काढते, बाजूला सरकते आणि म्हणते, “जेवलास का?” बस्स, एवढंच. ज्यांनी ज्यांनी हा तुकडा पाहिला होता त्यांनी डोळे पुसले होते. ती नजर पायांवर आपण कशी नेली याची गोष्ट मास्तर तेव्हापासून सांगत होते. शोकसभेतही सांगितली होती. “ती माती होती,” ते म्हणाले होते, “ओली, चांगली माती. बोटं माझी होती.” सभागृहात हुंदके ऐकू आले होते. मुलगी पहिल्या रांगेत बसून सतरंजीची वीण बघत होती.

“चौथा टेक,” कानसेन म्हणाले. “हाच ठेवलाय.”

दार उघडलं. बाई उभ्या राहिल्या. चेहऱ्याकडे बघितलं. नजर उतरली.

“पाय बघ,” मास्तरांचा आवाज आला.

हात कडीवरून निघाला.

“हात काढ. हां.”

बाई सरकल्या.

“सरक... म्हण, जेवलास का.” तो आवाज बाईंच्या ‘का’वर येऊन आदळला होता.

मास्तर पुढे वाकले. “पुन्हा.”

पुन्हा तेच. दार, चेहरा, नजर. मग, “पाय बघ.”

“तुझी पट्टी सरकलीय,” मास्तर म्हणाले. “आवाज मागे पडतोय. दहाएक फ्रेम पुढे ओढ.”

कानसेनांनी फिल्म टेकच्या सुरुवातीला नेली. काचेवर क्लॅपची पाटी आली, त्यावर खडूने चार लिहिलेलं. त्यांनी थाळी हाताने फ्रेम फ्रेम फिरवली. पाटीची वरची फळी खाली आली, खालच्या फळीला टेकली, आणि नेमक्या त्याच फ्रेमवर ‘टक’ असा आवाज आला.

“सिंक बरोबर आहे, मास्तर. चित्र नि आवाज जुळलेत.”

“असं कसं असेल? पुन्हा दाखव.”

टक.

मास्तरांनी कानसेनांचा हात बाजूला केला आणि स्वतः थाळी फिरवू लागले. बाईंच्या पापण्या एक एक फ्रेम खाली येत होत्या. तीन फ्रेम. पाच. सात. नजर पायांपाशी पोचून थांबली. मग आणखी चार फ्रेम गेल्या आणि कर्ण्यातून, हळू फिरवल्यामुळे घोगरा, ओळखू न येणारा असा कुणीतरी म्हणाला, पाय.

“हा टेक असाच असेल,” मास्तर म्हणाले. “तीन वेळा करून झालं होतं, तिला पाठ झालं होतं. पहिले काढ. पहिले टेक आहेत ना?”

“आहेत.”

पहिल्या टेकमध्ये मुलाचं काम करणारा नट उंबऱ्याला अडखळला. बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. “डोळ्यांत बघ!” मास्तरांचा आवाज म्हणाला, त्यांनी बघितल्यावर. 

दुसऱ्या टेकमध्ये दार उघडलं, चेहरा, आणि नजर खाली जायला लागली. मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. कर्ण्यातून काहीच आलं नाही. नजर पायांवर पोचली, तिथेच राहिली. कॅमेऱ्याची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि बाईंचा श्वास, आत जाऊन अडकलेला आणि मग सुटलेला. चार सेकंद. मग मास्तरांचा आवाज, चकित झालेला, जवळजवळ कुजबुजता. “हां... पाय. पाय बघ. छान.”

त्यानंतर बाई म्हणाल्या, “जेवलास का?” आणि त्याच्यावर पुन्हा मास्तर होतेच.

कानसेनांनी यंत्र बंद केलं. बाहेर जिन्यावरून कुणीतरी डबे आपटत उतरत गेलं.

“ते मधलं,” मुलगी म्हणाली. “ज्यात बाबा नाहीत. ते घेता येईल?”

“त्यात शब्द नाही, बेटा,” कानसेन म्हणाले. “श्वास आहे नुसता. श्वास बाईंचा आणि लगेच पुढचा शब्द दुसरीचा, ते जुळत नाही.”

मास्तरांनी वही उघडली. पेन धरलं. मग वही तशीच मिटली.

“बाकीच्या सिनेमांतही मी मागेच?” त्यांनी विचारलं.

कानसेन रिळाची कड अंगठ्याने चाचपत राहिले.

“तुला विचारतोय.”

“होय.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून, मास्तर. मी हेडफोन लावून शॉटकडे बघत उभा असतो. मला दुसरं काम काय?”

“आणि तू बोलला नाहीस. इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास.”

“बाईंना एकदा ऐकवलं होतं,” कानसेन म्हणाले. “तिसऱ्या सिनेमाच्या वेळी. जेवणाच्या सुट्टीत. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.”

“काय म्हणाली?”

“हसल्या. म्हणाल्या, बोलू दे रे त्यांना. गप्प बसले की घाबरतात ते. आणि म्हणाल्या, पुन्हा हे कुणाला ऐकवू नकोस.”

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, दुसरी पुसली, मग पुन्हा पहिली. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसत होता, शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाइतका.

कानसेनांना ते बघवेना. “मास्तर,” ते म्हणाले, “कीर्तनात मागून धृपद धरणाराही लागतोच. तो नसला तर गाणाऱ्याने दम कधी घ्यायचा? बाई तुमच्या जिवावरच...”

“पुरे.”

मुलगी उठून जवळ आली. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. टेबलाच्या कडेवर ठेवला, त्यांच्या हाताजवळ.

“बाबा, हा प्रवेश असाच राहू द्या. तुमच्या आवाजासकट. लोक हसायचे नाहीत. मी सांगते, नाही हसायचे. तुम्ही दोघं ऐकू येता त्यात. हसले तर हसले.”

मास्तर काचेकडे बघत होते. काच काळी होती. तिच्यात खिडकीचा चौकोन होता आणि तिघांची डोकी.

लोकांच्या हसण्याची भीती आता त्यांच्या मनात नव्हती. थिएटरात हजार माणसं बसतील. दार उघडेल. नजर खाली जाईल, आणि मग, हजार माणसांच्या देखत, नजर पोचल्यावर, तो आवाज म्हणेल, पाय बघ. पहिल्या आठवड्यात कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही. मग एखाद्याच्या येईल. तो शेजाऱ्याला सांगेल.

त्यांनी चष्मा चढवला आणि घड्याळ बघितलं.

“मैना आली असेल,” ते म्हणाले. “बसव तिला.”

“मास्तर, अजून वीस मिनिटं...”

“लवकर सुरू करू. हाच प्रवेश आधी.”

कानसेनांनी मुलीकडे बघितलं, मग रीळ उचललं आणि पलीकडच्या खोलीत गेले. मुलीने खिडकीत ठेवलेली पर्स घेतली. छत्री घेतली. छत्री खाली पडली, ती पुन्हा उचलली.

“मी निघते, बाबा.”

“अगं, ऐकून तरी जा. चांगली आहे ती. हुबेहूब काढते.”

“काय ऐकू?”

ती हे रागाने म्हणाली असती तर मास्तरांना उत्तर सुचलं असतं. ती उत्तरासाठी खरंच क्षणभर थांबली. मग दार हळू ओढून घेऊन गेली. जिन्यावर तिची पावलं एका मजल्यापर्यंत ऐकू आली.

डबिंगच्या खोलीला मध्ये काच होती. काचेच्या अलीकडे कानसेनांचं टेबल आणि मास्तरांची खुर्ची, पलीकडे पडदा, माइक आणि मैना. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई, कानाला हेडफोन, पायांतल्या चपला आवाज करतात म्हणून कोपऱ्यात काढून ठेवलेल्या. तिने मास्तरांना काचेतून वाकून नमस्कार केला.

“बाईंचं प्रत्येक काम पाहिलंय मी,” ती माइकमध्ये म्हणाली. “रात्रभर झोप नाही. म्हटलं, कुणाच्या जागी उभी राहतेय मी! पण तुम्ही आहात म्हटल्यावर धीर आला. शब्दाशब्दाला सांगता म्हणे तुम्ही. तुम्ही सांगाल तश्शी म्हणेन.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्यासमोर एक बटण होतं. ते दाबून बोललं की आवाज फक्त मैनेच्या कानात जाई. पायलटची पट्टी कानसेनांनी लावली नव्हती. फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं चिकटवून त्याचा फेरा केला होता, म्हणजे तोच प्रवेश दर वीस सेकंदांनी आपोआप पुन्हा येई. दिवे मंद झाले.

दार उघडलं. बाई मुक्याने उभ्या राहिल्या. चेहरा, नजर, पाय, कडी. ओठ हलले आणि मिटले.

“एकदा नुसतं बघून घेते हं,” मैना म्हणाली.

दार उघडलं. मास्तरांनी बटणावर बोट ठेवलं. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, खरोखर बघितलं, ती आता काय करणार हे आधी ओळखायचं म्हणून. कपाळ. भुवया. गळ्याची शीर. ती तिथे कुठेतरी ठरवत असणार, कुठेतरी ते आधी दिसत असणार. कडीवरचा हात निघाला. ओठ हलले.

“आता,” मास्तर म्हणाले.

ओठ मिटले होते. मैना तोंड उघडून थांबली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पुन्हा.”

दार उघडलं. मास्तर मनातल्या मनात मोजत होते. एक, नजर. दोन, पाय. तीन. बटणावरचं बोट पांढरं पडलं होतं.

“आता.”

“जेव...” मैनेने सुरुवात केली आणि थांबली. पडद्यावरची बाई बोलून बाजूला झाली होती.

कानसेन मान खाली घालून आवाज मोजणाऱ्या सुईकडे बघत होते. सुई हलत नव्हती.

दार उघडलं, मिटलं, उघडलं. चौथ्या फेऱ्यानंतर मैनेने हेडफोन एका कानावरून जरा सरकवला. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मोठ्या माणसाशी बोलताना येतो तेवढा संकोच होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “अगदी किंचित... जरा आधी सांगाल का?”

मास्तरांनी काचेतून तिच्याकडे बघून मान डोलावली. हो, हो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बटणावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं आणि पडद्याकडे बघत ते वाट पाहू लागले.